‘रॉजर’ म्हणजे ‘समजलं’ नव्हे

(राजूर, ता. वणी, जि. यवतमाळ इथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



राजूरला विमान उतरत नाही, पण आपल्या डोक्यावरून रोज जातं. रात्री गच्चीवर पडलं की लुकलुकणारे दिवे सरकताना दिसतात. त्या प्रत्येक दिव्यामागे एक संभाषण चालू असतं. वर वैमानिक आणि खाली जमिनीवर हवाई वाहतूक नियंत्रक. दोघं एकमेकांना पाहू शकत नाहीत, बहुतेक वेळा ओळखतही नाहीत. मध्ये फक्त आवाज. त्या आवाजावर दीडशे-दोनशे माणसांचा जीव.

संयोजकांनी मला विचारलं, सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे, विमानांवर काय बोलणार? मी म्हटलं, विमान कसं उडतं हे मला विचारू नका. पण एका माणसाने बोललेलं वाक्य दुसऱ्याला कळतं म्हणजे नेमकं काय होतं, हा प्रश्न मी जन्मभर शिकवला. आकाशात तो प्रश्न परीक्षेपुरता राहत नाही, एवढाच फरक.

आणि खरं सांगायचं तर राजूरच्या लोकांना हा विषय नवा नाहीच. काल संध्याकाळी इथल्या कॉलरीत आयुष्य काढलेल्या एका काकांशी बोलत होतो. ते म्हणाले, “सर, खाणीत खालचा माणूस वरच्याला दिसत नाही. घंटेचे ठोके हीच आमची भाषा. दोरी चालू असताना एक ठोका पडला की थांबायचं. तिथं ‘मला वाटलं’ चालत नाही जी.” माझं आजचं सगळं व्याख्यान त्या शेवटच्या वाक्यात आलंय. तरी थोडं सविस्तर बोलतो.

‘कांचनजंगा’

२४ जानेवारी १९६६. मी तेव्हा शाळेत होतो. लालबहादूर शास्त्री जाऊन दोन आठवडेही झाले नव्हते. त्याच दिवशी इंदिरा गांधींनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली, आणि त्याच दिवशी रेडिओवर बातमी आली की डॉ. होमी भाभा विमान अपघातात गेले.

ते एअर इंडियाचं बोइंग ७०७ होतं. नाव ‘कांचनजंगा’. मुंबईहून निघून दिल्ली, बैरूत, जिनिव्हा असं करत ते लंडनला जायचं होतं. सकाळी आठच्या सुमाराला, जिनिव्हाला उतरण्याच्या तयारीत असताना, ते आल्प्समधल्या माँ ब्लाँ पर्वतावर आदळलं. ११७ माणसं होती, एकही वाचलं नाही.

या अपघाताबद्दल आपल्याकडे फार बोललं जातं. कट होता, घातपात होता, बॉम्ब होता. भाभांसारखा माणूस गेला, तर कारणही तेवढंच मोठं असलं पाहिजे, असं आपल्या मनाला वाटतं. फ्रेंच चौकशी आयोगाने काढलेला निष्कर्ष मात्र अगदी साधा आहे, आणि मला विचाराल तर जास्त भीतिदायक आहे.

विमानात दिशा दाखवणारी दोन व्हीओआर यंत्रं असत. जमिनीवरच्या रेडिओ केंद्रापासून आपण कोणत्या बाजूला आहोत, हे ती सांगतात. त्यांतलं एक बंद होतं, आणि बैरूत सोडतानाच वैमानिकाला ते माहीत होतं. विमान १९,००० फुटांच्या पातळीवर होतं. माँ ब्लाँची उंची ४,८०० मीटरपेक्षा थोडी जास्त, म्हणजे पावणेसोळा हजार फुटांच्या आसपास. तोवर धोका नव्हता. वैमानिकाने हिशेब केला आणि नियंत्रकाला कळवलं की आम्ही माँ ब्लाँच्या बरोबरीला आलो आहोत. हा हिशेब चुकलेला होता.

आता पुढचं नीट ऐका. ही चूक नियंत्रकाच्या लक्षात आली होती. त्याच्या रडारवर विमान अजून डोंगराच्या अलीकडेच दिसत होतं. त्याने वैमानिकाला सांगितलं: तुम्हाला माँ ब्लाँ पाच मैल आहे. वैमानिक म्हणाला, “रॉजर.” आणि विमान खाली येत राहिलं.

नियंत्रकाला वाटलं, मी दुरुस्ती केली. वैमानिकाला वाटलं, आपण डोंगर ओलांडलाय. आयोगाने म्हटलंय की पुरेशा नेमक्या शब्दांअभावी ती दुरुस्ती वैमानिकाला चुकीची समजली. म्हणजे चूक झाली होती, ती पकडली गेली होती, आणि सांगितलीही गेली होती! तरी ११७ माणसं गेली.

आपल्या महाराष्ट्रात याच्या चार वर्षं आधी, ७ जुलै १९६२ ला, अलिटालिया कंपनीचं एक डीसी-८ विमान जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळलं होतं. ९४ माणसं गेली. तिथेही वैमानिकाला वाटत होतं की आपण मुंबईच्या जवळ आलो आहोत, प्रत्यक्षात विमान अजून घाटावरच होतं. मनातला नकाशा आणि पायाखालची जमीन यांचा मेळ सुटणं, हे दोन्हीकडे सारखंच आहे. ‘कांचनजंगा’च्या वेळी मात्र तो मेळ घालून देऊ शकेल असा माणूस रेडिओवर होता. म्हणून ती गोष्ट जास्त चटका लावते.

रॉजर म्हणजे काय?

सिनेमामुळे आपल्याला वाटतं की रॉजर म्हणजे ‘ठीक आहे’, ‘समजलं’, ‘करतो’. तसं नाही. जुन्या बिनतारी वर्णमालेत ‘आर’ या अक्षराला रॉजर म्हणत. ‘आर’ म्हणजे रिसीव्हड, पोचलं. तुमचं शेवटचं बोलणं माझ्या कानांपर्यंत आलं, एवढाच त्याचा अर्थ. मला पटलं, मी तसं करीन, मला तेच कळलं जे तुम्हाला म्हणायचं होतं, यांतलं काहीही त्यात नाही. ‘सांगितल्याप्रमाणे करतो’ यासाठी वेगळा शब्द आहे, ‘विल्को’. ‘होय’साठी वेगळा आहे, ‘अफर्म’.

आपण मराठीत या सगळ्यासाठी एकच शब्द वापरतो: “हो.” ऐकलं तरी हो, कळलं तरी हो, न कळता मान डोलवायची असली तरी हो. आणि आपल्या विदर्भात तर “हो जी”!

अर्थ कळायला काय काय लागतं?

आता मी माझ्या शेतात शिरतो. आपल्याकडच्या न्यायदर्शनाने हा प्रश्न फार बारकाईने हाताळलाय. वाक्यातून अर्थ कळण्याला ते ‘शाब्दबोध’ म्हणतात. अन्नंभट्टांचा ‘तर्कसंग्रह’ हे सतराव्या शतकातलं छोटंसं पुस्तक, विद्यार्थी त्यावरूनच सुरुवात करतात. त्यात वाक्यार्थ कळायला तीन गोष्टी सांगितल्या आहेत: आकांक्षा, योग्यता आणि सन्निधि. पुढे चौथी धरतात, तात्पर्य. नावं जड आहेत, गोष्टी सोप्या आहेत. एकेक घेऊ.

पहिली आकांक्षा. एका शब्दाला दुसऱ्या शब्दाची लागलेली गरज. नुसतं ‘गाय, घोडा, माणूस, हत्ती’ म्हटलं तर वाक्य होत नाही, कारण कुणाचा कुणाशी संबंध नाही. तुम्ही वणीच्या बसमध्ये आहात. घरून फोन आला, कुठे आहात? तुम्ही म्हणालात, “राजूर पाच किलोमीटर.” यायचंय की मागे गेलं? वाक्याला अजून एक शब्द हवाय, ‘पुढे’ किंवा ‘मागे’. बसमध्ये तो नसला तर फार तर भाजी गार होते. ‘कांचनजंगा’च्या बाबतीत तोच एक शब्द नव्हता. ‘डोंगर तुमच्या समोर आहे, अजून ओलांडलेला नाही’ एवढं म्हटलं असतं, तर वैमानिकाची गैरसमजूत तिथेच मोडली असती. ऐकणाऱ्याने काय केलं? वाक्यातली रिकामी जागा स्वतःच्या समजुतीने भरली. आपण सगळे तेच करतो. रिकामी जागा मनाला सहन होत नाही.

दुसरी सन्निधि. शब्द एकमेकांजवळ, सलग यायला हवेत. सकाळी ‘गाय’ म्हटलं आणि दुपारी ‘आण’ म्हटलं, तर कुणी गाय आणणार नाही. २७ मार्च १९७७, स्पेनच्या ताब्यातलं तेनेरिफ बेट. दाट धुकं. एकाच धावपट्टीवर दोन जम्बो, एक डच केएलएमचं आणि एक अमेरिकन पॅनॅमचं. डच विमान टोकाला उभं, अमेरिकन अजून पट्टीवरच चालत येतंय. डच सहवैमानिक घाईत म्हणाला की आम्ही आता टेक-ऑफला आहोत. म्हणजे जागेवर उभे आहोत, की निघालो? नियंत्रक म्हणाला, “ओके,” आणि क्षणभराने, “टेक-ऑफसाठी थांबा, मी सांगतो.” त्याच क्षणी अमेरिकन विमानातून आवाज आला, आम्ही अजून पट्टीवर आहोत! विमानाच्या रेडिओवर एका वेळी एकालाच बोलता येतं. दोघांनी एकदम बटण दाबलं की शिट्टीसारखा आवाज येतो आणि दोन्ही बोलणी बुडतात. डच विमानात स्पष्ट पोचला तो एकच शब्द, ‘ओके’. ५८३ माणसं गेली. विमान वाहतुकीच्या इतिहासातला हा सगळ्यात मोठा अपघात.

त्यानंतर नियम झाला की ‘टेक-ऑफ’ हा शब्द उड्डाणाची प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा. एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचं. आणि परवानगीच्या जागी ‘ओके’ चालत नाही. एका शब्दाला असं कुंपण घालावं लागलं.

तिसरी योग्यता. अर्थ जगात शक्य असला पाहिजे. ‘विस्तवाने झाडांना पाणी घालतो’ हे वाक्य व्याकरणाला बरोबर आहे, पण अर्थ लागत नाही. १९ फेब्रुवारी १९८९ ला क्वालालंपूरजवळ फ्लाइंग टायगर कंपनीचं एक मालवाहू ७४७ उतरत होतं. नियंत्रकाने खाली या म्हणून इंग्रजीत आकडा सांगितला, टू फोर झिरो झिरो, म्हणजे २,४०० फूट. वैमानिकांनी तो ऐकला ‘टू, फोर झिरो झिरो’ असा. इंग्रजीत ‘टू’ म्हणजे दोनही आणि ‘टू’ म्हणजे ‘पर्यंत’ही. त्यांना वाटलं, ४०० फुटांपर्यंत खाली या. त्या टेकड्यांच्या मुलखात ४०० फूट ही उंची शक्यच नव्हती. कानाने ऐकलेलं बुद्धीने तपासायचं, “चारशे? इथे?” असं विचारायचं, ते राहिलं. चौघं होते, चौघंही गेले.

चौथी तात्पर्य. बोलणाऱ्याचा हेतू. शाळेत संस्कृत घेतलेल्यांना ‘सैंधव’ आठवत असेल. सैंधव म्हणजे मीठ आणि सैंधव म्हणजे घोडाही. जेवताना मागितलं तर मीठ, प्रवासाला निघताना मागितलं तर घोडा. हेतू प्रसंगावरून कळतो, आणि त्यासाठी भाषा अंगवळणी पडलेली असावी लागते.

१२ नोव्हेंबर १९९६. हरियाणातलं चरखी दादरी. दिल्लीहून नुकतंच उडालेलं सौदी अरेबियाचं जम्बो १४,००० फुटांवर होतं. समोरून कझाकस्तानचं इल्यूशिन दिल्लीकडे उतरत होतं, त्याला १५,००० फुटांवर थांबायला सांगितलं होतं. दोघांमध्ये हजार फुटांचं अंतर. नियंत्रकाने कझाक विमानाला सावधही केलं, समोरून विमान येतंय, इतक्या मैलांवर, पातळी १४०. कझाक विमानात रेडिओवर इंग्रजीत बोलणारा माणूस वेगळा होता. त्याच्या जागेवर उंची दाखवणारं यंत्र नव्हतं, त्याला वैमानिकांच्या खांद्यावरून पुढे बघावं लागे. आणि त्या वेळी दिल्लीच्या रडारवर विमानाची जागा दिसे, उंची दिसत नसे. नियंत्रकाला उंची कळायची ती फक्त वैमानिकाच्या तोंडून! कझाक विमान १५,००० फुटांच्या खाली आलं. ३४९ माणसं गेली, त्यांत कामासाठी आखाताकडे निघालेले कितीतरी भारतीय होते.

न्यायमूर्ती रमेशचंद्र लाहोटी आयोगाने मुख्य कारण सांगितलं ते परवानगीशिवाय खाली येणं. जोडीला आणखी कारणं सांगितली. त्यांतलं एक असं की इंग्रजीच्या अपुऱ्या ज्ञानामुळे नियंत्रकाच्या सूचनांचा चुकीचा अर्थ लावला गेला. १५० हा आकडा पाळायचा होता आणि १४० हा आकडा नुसता माहिती म्हणून होता. एक आज्ञा, एक सूचना. ऐकताना दोन्ही आकडेच. प्रत्यक्षात कुणाच्या मनात काय होतं, हे सांगायला कुणी उरलं नाही.

पुढे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने आंतरराष्ट्रीय उड्डाणांच्या वैमानिकांसाठी आणि त्यांच्याशी बोलणाऱ्या नियंत्रकांसाठी इंग्रजी बोलण्या-समजण्याची परीक्षा सक्तीची केली. त्यात इंग्रजांनासुद्धा सूट नाही, आणि मला ते फार योग्य वाटतं. मातृभाषा असलेला माणूसच भरभर, मोघम बोलतो.

परत म्हणून दाखवणं

मग उपाय काय सापडला? अगदी गावठी उपाय आहे. ऐकणाऱ्याने ऐकलेलं परत म्हणून दाखवायचं. त्याला रीडबॅक म्हणतात. नियंत्रक म्हणाला, १५,००० फुटांवर या, की वैमानिकाने उंची आणि आपल्या विमानाचं नाव घेऊन तेच परत म्हणायचं. उंची, दिशा, धावपट्टी, टेक-ऑफची परवानगी, या गोष्टी परत म्हटल्याशिवाय पुऱ्या होत नाहीत. तिथे नुसतं ‘रॉजर’ चालत नाही.

आणि दुसरा अर्धा भाग, जो सगळे विसरतात: सांगणाऱ्याने ते परत म्हटलेलं कान देऊन ऐकायचं. चुकीचं परत आलं आणि सांगणारा दुसऱ्या कामात असला, तर सगळं व्यर्थ. आपल्याला जे ऐकायची अपेक्षा असते, तेच ऐकू येतं. वैमानिकाचे कान तसे, नियंत्रकाचेही तसेच.

यात तत्त्वज्ञानाची एक मोठी गोष्ट आहे. आपण समजतो, कळणं ही आतली गोष्ट आहे. मला कळलंय की नाही, हे मलाच माहीत. पण ‘कांचनजंगा’च्या वैमानिकाला विचारलं असतं, तर तोही मनापासून म्हणाला असता की कळलं. न कळणं आतून जाणवत नाही. चुकीचं कळलेलं आतून अगदी बरोबर कळल्यासारखंच वाटतं! म्हणून ते बाहेर काढून दुसऱ्यासमोर मांडावं लागतं.

मी जवळजवळ चाळीस वर्षं वर्गात “समजलं का?” असं विचारत आलो. मुलं म्हणायची, “हो सर.” मीही पुढे जायचो. तो प्रश्नच चुकीचा होता, हे मला निवृत्तीनंतर कळलं. विचारायला हवं होतं, “काय समजलं, सांग बरं.”

आपल्या घरातलं विमान

आता माझीच चूक सांगतो. आई आजारी होती. डॉक्टरांनी फोनवर नवी गोळी सांगितली, “दिवसाआड एक.” लाइन खरखरत होती. मी ऐकलं, “दिवसाला एक.” मी म्हणालो, “हो डॉक्टर, समजलं.” पाचव्या दिवशी आई चक्कर येऊन पडली. दवाखान्यात न्यावं लागलं. बरी झाली, पण ते पाच दिवस मी माझ्या हाताने, प्रेमाने, दुप्पट औषध देत होतो. मी फक्त एवढं म्हणालो असतो, “म्हणजे सोमवारी दिली की मंगळवारी नाही, बुधवारी,” तर डॉक्टरांनी हो म्हटलं असतं आणि गोष्ट तिथेच संपली असती.

आणि आपले मराठी आकडे! एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत आठ आकडे ‘एकोण’ने सुरू होतात. फरक सगळा शेवटी. ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’ यांत शेवटचं अक्षर खरखरीत गेलं की संपलं. फोन नंबर सांगताना त्रेपन्न आणि त्रेसष्ट यांचा घोळ कुणाच्या घरी झाला नाही? विमानात यासाठी एकेक अंक सुटा म्हणतात. पाच, तीन. इंग्रजी ‘नाइन’ला मुद्दाम ‘नाइनर’ म्हणतात, दुसऱ्या अंकात मिसळू नये म्हणून. खात्याचा नंबर, औषधाचं प्रमाण, गाडीची वेळ, तिथे तरी आपण तसं म्हणायला हरकत नाही.

एक शेवटची गोष्ट, ती सगळ्यात अवघड. तेनेरिफला डच विमान धावायला लागल्यावर मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली होती. त्याने विचारलं, ते अमेरिकन विमान पट्टीवरून बाजूला झालं नाही का? कप्तान म्हणाला, झालं की. कप्तान कंपनीतला फार मोठा माणूस. इंजिनिअर गप्प बसला. त्यानंतर जगभर वैमानिकांना शिकवायला लागले की शंका आली तर वरिष्ठाला परत विचारा, आणि वरिष्ठाने ती शंका ऐकून घ्या. आपल्या घरात, कचेरीत, दवाखान्यात, “साहेब, परत सांगता का?” म्हणायला आपण लाजतो. वडील माणसाला परत विचारणं उर्मटपणा वाटतो. आजपासून माझ्यासारख्या वयस्कांनी एवढं करावं: लहानांनी परत विचारलं तर रागावू नये.

प्रश्नोत्तरांतून

एका विद्यार्थिनीने विचारलं: सर, मग बोलायचंच कशाला? मोबाइलसारखा लेखी मेसेज का पाठवत नाहीत?

पाठवतात, बेटा. समुद्रावरून जाणाऱ्या विमानांशी असा लेखी व्यवहार आता सर्रास होतो. त्याने खरखर जाते, ‘टू’ आणि ‘टू’चा घोळ जातो. पण लिहिलेल्या वाक्यातही ‘पुढे’ की ‘मागे’ हा शब्द राहू शकतो. लिहिणाऱ्याचा हेतू वेगळा असू शकतो. कागद कानाची चूक काढतो, मनाची काढत नाही. आणि विमान उतरताना दर मिनिटाला परिस्थिती बदलते, तिथे आवाजच लवकर पोचतो.

आता तू मला सांग, मी काय उत्तर दिलं?

(ती मुलगी उठली आणि तिने आपल्या शब्दांत सगळं परत सांगितलं. एक मुद्दा राहिला होता, तो सरांनी पुन्हा सांगितला.)

बघा, राहिला होता. आणि तो मला नीट सांगता आला नव्हता, म्हणून राहिला होता.